दिवस मावळायच्या आत

बोलता बोलता अण्णा एक बोट वर करायचे. तर्जनी सरळ आभाळाकडे, मान किंचित खाली, डोळे मिटलेले. समोरचा माणूस थांबायचा. त्याला वाटायचं, आता काहीतरी मोलाचं ऐकायला मिळणार. तीन-चार सेकंदांनी बोट खाली यायचं आणि अण्णा मघाचंच वाक्य पुढं चालू करायचे.

तासगावच्या मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे तुम्ही पाहिले असतील, तर अशा बोटाची किंमत तुम्हाला लगेच कळेल. शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या नमुन्याच्या पेटीपाशी उभा राहतो, खरेदीदार मूठभर बेदाणा तळहातावर घेतात, एखादा चावून बघतात आणि बोली सुरू होते. अण्णा अडत्या होते. भाव चढत चढत गेला की मध्येच त्यांचं बोट वर जायचं. खरेदीदारांना वाटायचं, म्हाताऱ्याला मागच्या रांगेतून कुणाची तरी जास्तीची बोली दिसली. कुणीतरी घाईनं दोन रुपये वाढवून मोकळा व्हायचा. शेतकरी खूश. बोली फारच कमी सुरू झाली, तर अण्णा गंभीरपणे सांगायचे, "हळू बोला. बेदाणा ऐकतोय."

ते बोट म्हणजे धाप होती, हे कळायला मला चार महिने लागले.

मी त्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. माझं माहेर जतच्या बाजूचं. आई-वडील मेंढरं घेऊन हिंडणारे. आमच्या घरात बी.कॉम. होणारी मी पहिली. लग्न होऊन तासगावात आले आणि नोकरी शोधत यार्डात फिरले, तेव्हा बाकीच्या दुकानांत नवरा काय करतो, मुलं किती, असं विचारत. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "मालकाची चूक सापडली तर तोंडावर सांगशील का?" मी म्हणाले, सांगीन. म्हणाले, "मग ये सोमवारपासनं." यार्डात सगळे मला मॅडम म्हणत. अण्णा मात्र पोरी म्हणायचे. ते ऐकलं की मला परक्या गावात कुणीतरी आपलं असल्यासारखं वाटायचं.

एक दिवस सही घ्यायला मी मागच्या खोलीत गेले. अण्णा टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले होते. ओठांचा चंबू करून श्वास सोडत होते, चहा फुंकतात तसा. छातीतून बारीक शिट्टी येत होती. मला बघून त्यांनी बोट वर केलं. या खेपेला ते बोट खाली यायला फार वेळ लागला.

"यार्डात बोलू नगंस," ते म्हणाले. "धापणाऱ्या अडत्याकडं माल कोण आणंल?"

दमा त्यांना लहानपणापासूनचा. त्यावर चाळीस वर्षं बेदाण्याची धूळ आणि त्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा वास. खिशात एक निळा पंप असायचा. फार अडलं की तो ओढायचे, बाकी काही नाही. घरी त्यांची थोरली बहीण असायची, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच होती. तिनं कितीदा सांगूनही अण्णा डॉक्टरकडे जात नव्हते. शेवटी तिनं मला गाठलं आणि दुकानाच्या कामाचं निमित्त काढून आम्ही त्यांना सांगलीला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथं एका नळीत फुंकायला लावतात. तपासणारी मुलगी ओरडत होती, जोरात, अजून, अजून, थांबू नका, अजून. अण्णांनी फुंकलं, खोकले, घाम पुसला आणि मला म्हणाले, "ही पोरगी आपल्यात पायजे हुती. काय बोली वाढवतीया."

डॉक्टरांनी रोजचा पंप दिला. एकदा ओढला की त्याचा असर बारा तास टिकतो. सकाळी आणि संध्याकाळी, धाप असो नसो. ओढल्यावर श्वास दहा अंकांपर्यंत धरायचा, मग चूळ भरून टाकायची. अचानक अडलं तर निळा आहेच, पण रोजचा चुकवायचा नाही. अण्णांना हे पटेना. धाप नसताना औषध कशाला, असं त्यांनी तीनदा विचारलं. डॉक्टरांनी तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं, धाप लागू नये म्हणून.

खरी अडचण निराळीच होती. अण्णा जैन. दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचे नाहीत. संध्याकाळच्या डोसाचं कसं करायचं, हे त्यांना विचारवेना, म्हणून मी विचारलं. डॉक्टर आमच्याच भागातले. ते म्हणाले, दिवस मावळायच्या आत घ्या, पण रोज घ्या.

मग मी फोनवर गजर लावला. उन्हाळ्यात साडेसहाचा, थंडीत पावणेसहाचा. गजर झाला की अण्णा मागच्या खोलीत जायचे. पंपाच्या पाठीवर छोटी खिडकी असते. एकदा दाबलं की तिच्यातला आकडा एकानं कमी होतो. अण्णा सकाळी दुकानात आले की पंपाची कापडी पिशवी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि मी हळूच तो आकडा बघून घ्यायचे. तो कमी झालेला दिसला की माझा दिवस बरा जायचा.

तीन महिन्यांत बोट वर जाणं बंद झालं. अण्णा एका दमात आख्खा सौदा उरकू लागले. मणेराजुरीचा एक शेतकरी मला बाजूला घेऊन काळजीनं म्हणाला, "मॅडम, अण्णा आता बोट वर करत न्हाईत. काय चुकलं का आमचं?"

भाद्रपद आला. त्यांच्या पर्वाचे दहा दिवस. दरवर्षी अण्णा त्या दिवसांत एकदाच जेवायचे आणि पाणीही त्याच वेळी प्यायचे. मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही, चूळसुद्धा नाही. हे मला माहीत होतं. त्याचा पंपाशी काय संबंध येईल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आकडा शेहेचाळीस होता. दुसऱ्या दिवशी शेहेचाळीस. मला वाटलं, माझंच बघण्यात चुकलं. तिसऱ्या दिवशी मी पिशवी उजेडात नेऊन बघितली. शेहेचाळीस. त्या दुपारी सौद्यात अण्णांचं बोट एकदा वर गेलं. चौथ्या दिवशी तीनदा. खरेदीदारांनी सवयीप्रमाणे भाव वाढवला.

त्या संध्याकाळी गजर झाला, पण अण्णा उठले नाहीत. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, पंप बंद केलाय तुम्ही."

"पोरी, धाच दिवस हायेत. चार तर गेले."

"महाराजांना विचारा की." त्या वर्षी एक मुनिमहाराज चातुर्मासासाठी गावातल्या मंदिरात राहिले होते.

अण्णांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "विचारलं तर घे म्हणतील."

"मग चांगलंच की ओ."

"कसलं चांगलं? दम्याचं पोर म्हणून शाळंत मला पळू दिलं न्हाई. मळ्यात काम दिलं न्हाई. जल्मभर सगळ्यांनी सूटच दिली. एवढे धा दिवस तेवढे मी पुरे करतो. दुसऱ्या माणसावानी पुरे." त्यांनी श्वास घेतला. "आक्काला सांगायचं न्हाई. शब्द दे."

मी शब्द दिला.

यार्डात शब्दाला काय किंमत असते, हे मी तुम्हाला कसं सांगू? तिथं लाखोंचा माल नुसत्या तोंडी बोलण्यावर जातो. कागद मागाहून होतात. शब्द फिरवणाऱ्याच्या दारात पुन्हा कुणी उभं राहत नाही. अण्णांनी हेच मला दोन वर्षं शिकवलं होतं. शिवाय हा त्यांचा धर्म, त्यांचा नेम. मी कोण मध्ये बोलणार? पाचव्या दिवशी मी एका पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, शेतकऱ्याचं नावच चुकीचं टाकलं. कान सगळे मागच्या खोलीतल्या खोकल्याकडे होते.

सहाव्या दिवशी सौदा चालू असताना अण्णा स्टुलावर बसले. बसून सौदा करताना त्यांना कुणी कधी बघितलं नव्हतं. भाव म्हणता म्हणता बोट वर गेलं ते वरच राहिलं. नखं निळसर दिसत होती. त्या दिवशी कुणी बोली वाढवली नाही. पंचवीस-तीस माणसं तळहातावर बेदाणा घेऊन त्या बोटाकडे बघत उभी राहिली. नंतर कुणीतरी त्यांच्या खिशातला निळा पंप काढून दिला, श्वास थोडा मोकळा झाला, आणि आता दवाखान्यात जाऊ म्हटल्यावर अण्णांनी मानेनंच नको म्हटलं.

मी गाडी काढली आणि आक्काकडे गेले.

आक्काही उपासाचीच होती. पोथी वाचत बसली होती. मी सगळं सांगितलं, शब्द दिल्याचंसुद्धा. ती रागावली नाही, रडली नाही. कितव्या दिवसापासून, एवढं विचारलं आणि पायांत चपला घातल्या. आधी मला मंदिरात नेलं. आत जाऊन महाराजांना विचारून आली. ते काय म्हणाले, हे तिनं वाटेत सांगितलं. औषधाला त्यांची ना नव्हती. त्यांनी उलट एवढंच विचारलं होतं की, हे त्यानं स्वतः येऊन का नाही विचारलं?

मग माझ्या गाडीवर मागं बसून आक्का यार्डात आली. सत्तरी ओलांडलेली ती बाई आयुष्यात कधी त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. हमाल बाजूला झाले. उंबऱ्यातच उभी राहून ती म्हणाली, "उपास अन्नाचा असतोय. श्वासाचा कुणी सांगितला तुला?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग ड्रॉवरमधून पिशवी काढून सगळ्यांसमोर पंप ओढला. दिवस अजून वर होता.

पण सहा दिवस बुडालेलं औषध एका डोसात भरून निघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सांगलीला न्यावं लागलं. पाच दिवस नाकाला ऑक्सिजन होता. मी भेटायला गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खरोखर झोपले होते की नाही, मला सांगता येणार नाही. बाहेर डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्या एका वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

अण्णा पंधरा दिवसांनी दुकानात आले. मला म्हणाले, "मॅडम, कालच्या पट्ट्या काढा."

मॅडम. रागावले असते तर बरं झालं असतं. ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत, पगार चुकवला नाही, दिवाळीला माझ्या मुलांना कपडे दिले. पण मॅडम म्हणत राहिले. नोकरी सोडावी असं माझ्या मनात बऱ्याचदा आलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाची त्यांना आठवण करून द्यावी, असंही आलं. धीर झाला नाही. रोज सकाळी ड्रॉवर उघडून आकडा तेवढा बघायचे. तो मात्र रोज कमी झालेला असायचा.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते पेढीवर बसूनच पंप ओढायचे. दोन शेतकऱ्यांनी माल दुसरीकडे नेला. बाकीचे आले. एका खरेदीदारानं तर सौदा संपल्यावर हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारला. त्याच्या आईचीही छाती वाजत होती. अण्णांनी पत्ता दिला आणि श्वास कसा धरायचा ते करून दाखवलं.

पुढच्या भाद्रपदात, पर्वाच्या पहिल्या दिवशी, त्यांनी कापडी पिशवी आणून माझ्या कीबोर्डवर ठेवली.

"यंदा दिवसाउजेडी दोनदा जेवणार हाय. पाणी पिणार. मीठ तेवढं सोडलंय. महाराजांना मी सवताच विचारलं." मग म्हणाले, "हे धा दिवस ह्यो पंप तुझ्याकडं ठेव पोरी. दोन्ही वक्ताला घरला येऊन तू द्यायचा. माझा माझ्यावर भरवसा न्हाई."

मी पिशवी उचलून माझ्या पर्समध्ये ठेवली.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. पौषातल्या एका सकाळी, आंघोळीचं पाणी तापत असताना, हृदय बंद पडलं. सकाळचा पंप घेऊन झाला होता, असं आक्का म्हणाली. यार्डात त्यांच्या जागेवर आता त्यांचा पुतण्या उभा राहतो. आवाज खणखणीत आहे. कुठं थांबत नाही. जुने खरेदीदार अधूनमधून अवघडतात, विचार करायला वेळ मिळत नाही म्हणतात.

मला मात्र पंप माझ्याकडे होता त्या पर्वाची शेवटची संध्याकाळ दिसते. दिवसभर पाऊस पडून उघडला होता. अण्णा घराच्या पुढच्या सोप्यात पाट मांडून ताठ बसलेले. शेजारी चुळीचा तांब्या. पश्चिमेला ऊन अजून वीतभर होतं. त्यांनी पंप ओढला, ओठ मिटले, आणि मी मोजू लागले. आठ, नऊ, दहा. त्यांनी श्वास सोडला नाही. अकरा. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तर डोळे हसत होते. बारा.

मग त्यांनी सावकाश श्वास सोडला, तांब्या उचलला आणि म्हणाले, "वरचे दोन तुला."