लांबचं जवळ आणणारा कॅमेरा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागलो की मधेच माझा आवाज बसतो आणि मग ऐकणाऱ्याची पंचाईत होते. गाढवपणा मात्र सगळा माझाच. आठवीत शाळा सोडली मी, पण हा किस्सा ऐकाल तर म्हणाल, आठवीपर्यंत तरी कशाला गेलास?

माझा थोरला भाऊ, दादा, गेला त्याला वर्ष होऊन गेलं. उसाचा ट्रॅक्टर उलटला. मोबाईल त्याच्या खिशातच होता. दादाचा चेंदामेंदा झाला, तसा त्याचाही झाला. त्यातले फोटो त्यातच राहिले.

वर्षश्राद्ध जवळ आलं. आमच्या अवसरी गावात अशा दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. आईचं एकच म्हणणं, "माझं पोरगं चौकात मोठं दिसलं पायजे."

पण फोटो कुठला लावायचा? आधार कार्डावरचा मी आईला दाखवला.

"ह्यात चोरावाणी दिसतंय माझं लेकरू. त्यो हसतोय त्यो फोटू लाव."

हसतोय तो फोटो एकच. ओसरीच्या भिंतीवरचा, बैलगाडा शर्यतीच्या घाटातला. पुढे आमची बैलजोडी, सगळी माणसं, आणि लांब मागे दादा. तोंड हरभऱ्याएवढं. पण हसतोय, हे खरं.

घरी दादाचाच एक जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा होता. त्याने तो बैलांचे फोटो काढायला घेतलेला. त्यात स्वतःचा एकही नाही, सगळे बैल! त्याच कॅमेऱ्याने मी भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला आणि मंचरला फ्लेक्सवाल्याकडे नेला.

त्याने कॉम्प्युटरवर तोंड मोठं केलं. तोंड कुठलं, नुसते चौकोन!

"फोटो फाटतोय, भाऊ. चांगला आण."

झालं! मी काय समजलो सांगा? कॅमेरा हलका आहे, भारीतला पाहिजे.

तसाच कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो. खिशात फार काही नव्हतं. दुकानदाराने माझ्या चपलांकडे बघितलं आणि खुर्ची काही दिली नाही. जुना कॅमेरा देऊन वर थोडे पैसे टाकले की येतील असे दोनच त्याच्याकडे निघाले, दोन्ही वापरलेले. एक जाड, काळा, "लग्नाला एक नंबर." दुसरा लांब नाकाचा, "चंद्रावरचे खड्डे दाखवतो."

"तुमाला काढायचं काय हाय पण?" त्याने विचारलं.

"लांबचं जवळ आणायचंय."

"किती लांब?"

"लई लांब."

"हलतंय का?"

"न्हाई," म्हटलं, "आता न्हाई हलत."

तो काउंटरवरून पुढे वाकला. "जवळ काय असतं त्याच्या?"

"आमचे बैल."

"बैलाजवळ? आन् तसाच उभा?"

"रोजच. आई तर त्याच्याकडं बघत बघत जेवती."

त्याचं तोंड पांढरं पडलं. "अहो, म्हातारीला आत घ्या! दार लावा! वनखात्याला कळवलं का न्हाई?"

आमच्या भागात कुणी लांबून फोटो काढायचा म्हणाला की समोरचा बिबट्याच धरून चालतो. हे मला त्या वेळी सुचायला नको? पण मी म्हटलं, असतील ह्याचे काही नियम. "कळवतो," म्हणून लांब नाकाचा कॅमेरा उचलला आणि निघालो. मागून तो ओरडतोय, "भाऊ, फ्लॅश मारू नगा! अंगावर येईल!"

आता विचार करा, दादा माझ्या अंगावर कशाला येईल? आला असता तर बरंच झालं असतं.

घरी आलो. फोटो भिंतीवर तसाच ठेवला आणि मी अंगणाच्या पार त्या टोकाला, गोठ्यापाशी जाऊन उभा राहिलो.

आई म्हणाली, "आरं, फोटू काढून हातात घे की. इतक्या लांबनं काय?"

"आई, झूम हाय ह्याला!"

ताणलं नाक पुढे. काय सांगू, काचेवरची धूळ दिसली, कोपऱ्यातलं जाळं दिसलं. काचेवर एक माशी बसली होती, तिचे पाय मोजता आले. दादाचे डोळे मात्र नाही. तिथे आपलं धुकंच. आधी लहान होतं, आता मोठं झालं.

"दिसतोय का रं?" आई दारातून विचारत होती.

"दिसतोय," म्हणालो मी. दुसरं काय म्हणणार?

परत फ्लेक्सवाल्याकडे. त्याने फोटो बघितला, कॅमेरा बघितला, आणि मला आधी खुर्ची दिली.

"कॅमेरा भारीच हाय, भाऊ. पण मूळ फोटोतच न्हाई, त्याला त्यो काय करल? हिरीत पाणी न्हाई आन् तुमी मोटार मोठी बसवली."

त्याने पडद्याजवळ डोळे नेले. "मिशी तेवढी कळतीय बघा. झुपकेदार व्हती ना?" मग माझ्याकडे वळला. "सख्खे भाऊ न्हवं तुमी? नाक, कपाळ एकच दिसतंय. तुमचा फोटो काढतो, ह्याची मिशी लावतो. कोण बघायला येतंय?"

शहाण्या माणसाने घरी विचारलं असतं. मी म्हणालो, "लाव!"

नव्या कॅमेऱ्याने माझा फोटो असा आला की गालावरचा मुरुमाचा डागच काय, सकाळी खाल्लेल्या शेवेचा तुकडाही दिसावा.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी चौकात गेलो. आठ फुटी फ्लेक्स. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली दादाचं नाव आणि मधोमध मी! मिशी लावून, हात बांधून, हसतोय.

माझा मित्र चहाच्या टपरीवरून ओरडला, "काय राव, कवा गेलास? बोलला न्हाईस!"

तेवढ्यात पारगावची आत्या एसटीतून उतरली. तिला वाचता येत नाही. तिने वर बघितलं आणि रस्त्यातच बसकण मारली. "आगं बया! धाकटाबी गेला की गं!"

मी धावलो. "आत्या, आगं मी हाय! ह्यो बघ!"

तिने मला खालून वरपर्यंत चाचपलं. मग जी कानफटात दिली, माझी टोपी उडाली. "जित्ता हायेस व्हय रं मुडद्या! मग तिथं वर काय करतुयास?"

मी टोपी उचलली. टपरीवरची सगळी हसत होती. खोटं नाही सांगत, मीही हसलो. मग बघितलं तर आई आलेली. ती हसत नव्हती. फ्लेक्सकडे बघत होती.

"उतरव त्ये," म्हणाली. "दोन-दोन नगं मला."

मीच खांबावर चढलो, मीच माझ्या दोऱ्या कापल्या.

पाटावर मग तोच घाटातला फोटो ठेवला. हार फोटोपेक्षा मोठा झाला. फूल वाहायला आलेला प्रत्येक जण वाकून, डोळे बारीक करून विचारायचा, "ह्यातला कुठला?" आणि आई प्रत्येकाला बोट लावून दाखवायची.

कॅमेरा फडताळात पडून आहे. फ्लेक्स कांद्याच्या ढिगावर टाकला. पालथा टाकायचा होता, मी घाईत उताणा टाकला. आता कावळे येऊन बसतात त्यावर. एक दिवस बघितलं, आई ओला फडका घेऊन फ्लेक्स पुसत होती.

मी म्हटलं, "आई, आगं त्यो मी हाय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मिशी त्याची हाय."

रोज येते, तेवढी मिशी पुसते आणि जाते. बाकीचं तोंड माझं. ते कावळ्यांच्या घाणीसकट तसंच पडलेलं असतं.