कवळीने चावता येतील अशा बरगड्या

माझी चूक आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. सप्टेंबरातल्या एका रविवारी, भर दुपारी, जेवणाच्या टेबलावर मी माझ्या पप्पांना हसले.

लेकीचा वाढदिवस होता. तिने गुरुग्रामच्या कुठल्याशा हॉटेलात बार्बेक्यू रिब्स खाल्ल्या होत्या आणि घरी तशाच पाहिजेत म्हणून आठवडाभर माझ्या मागे लागली होती. मी म्हटलं, त्यात काय एवढं, बकऱ्याच्या बरगड्याच की. मोबाइलवर पाककृती बघितली, अर्धी वाचली आणि बाकीचं मला येतंच म्हणून सोडून दिलं. ही माझी जुनी खोड. बरगड्यांना मसाला चोळला, ओव्हन तापेल तितका तापवला आणि तासाभराने ताट बाहेर काढलं. दिसायला अशा झकास की लेकीने फोटो काढले. चावायला मात्र वातड.

आई-पप्पा आमच्याकडेच राहतात. पप्पांनी त्याआधी महिनाभरच उरलेसुरले दात काढून कवळी बसवली होती. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण मटण म्हटलं की डोळे चमकायचे. त्यांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांत मोठी बरगडी उचलली, चावा घेतला आणि ओढली. बरगडी आली आणि तिच्यासोबत वरची कवळीही आली. मसाल्यात रुतून बसली होती.

मग लेकीच्या नाकातून फिसकन आवाज आला आणि मला हसू फुटलं. थोडंथोडकं नाही, तोंडावर पदर धरून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर मी हसले. नवरा ताटात बघत राहिला. आई अजिबात हसली नाही. पप्पांनी कवळी सोडवली, कागदी रुमालाने पुसली, त्याच रुमालात गुंडाळली आणि उठून आपल्या खोलीत गेले. रात्री आई त्यांचं ताट खोलीत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मग तोच पायंडा पडला. दहीभात, मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, सगळं खोलीत.

बाहेरच्याला वाटेल, म्हातारा माणूस खोलीत जेवतो, त्यात काय मोठंसं. पण आमच्या घरी जेवणाचं टेबल म्हणजे पप्पा. आम्ही मूळचे नगरचे ख्रिस्ती. पप्पा तरुणपणी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. आठवडाभर फायलींत मान घालून बसणारा हा माणूस रविवारी चर्चमधून आल्यावर बाह्या दुमडून सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात सिगडी पेटवायचा. थंडीत शेकोटी आणि स्वयंपाक दोन्ही त्याच कोळशावर व्हायचं. बरगड्या तेच भाजायचे, दुसऱ्या कुणाला चिमटा धरू देत नसत. मग सगळे बसलो की प्रार्थना. पप्पांची प्रार्थना लांबलचक असे. शेजाऱ्याच्या मुलाच्या परीक्षेपासून मालवाहू गाड्यांच्या ड्रायव्हरांपर्यंत सगळ्यांचा नंबर लागायचा. माझा नवरा साताऱ्याचा, हिंदू. लग्नानंतर पहिल्याच जेवणाला त्याने हळूच मला विचारलं होतं, "हे दर वेळी एवढं असतं, की आज माझ्यासाठी स्पेशल?" पण हात जोडून बसायचा, अजूनही बसतो.

पप्पा टेबलावरून उठले आणि प्रार्थनाही उठली. आई पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणायची, ते कुणाला ऐकू यायचं नाही. मला तर दुसऱ्यासमोर प्रार्थना म्हणायची लाजच वाटते. लेक फोन घेऊन बसू लागली, नवरा बातम्या लावू लागला. पंधरा दिवसांत आमचं टेबल म्हणजे दिल्लीच्या द्वारकेतल्या कुठल्याही फ्लॅटमधलं टेबल झालं. मला ते सहन होईना. नाताळ तीन महिन्यांवर आला होता आणि नाताळच्या जेवणाला पप्पा टेबलावर नाहीत, ही कल्पनाच मला करवत नव्हती. मनाशी ठरवलं, काही झालं तरी त्या दिवशी त्यांना बाहेर आणायचंच.

आता सरळ माणूस असता तर खोलीत गेला असता आणि बोलून मोकळा झाला असता. माझा स्वभाव तसा नाही. माझ्या नाकावर राग असतो, आणि चूक माझी असली की तो दुप्पट असतो. मी विचार केला, वातड बरगडीने हा घोळ केला ना? मग अशी बरगडी करून दाखवते की दात नसले तरी खाता येईल.

पहिल्यांदा पपई. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या लखनौच्या बाईंनी सांगितलं, वाटलेल्या कच्च्या पपईचा एक चमचा लावायचा आणि तासभर ठेवायचं, मटण लोण्यासारखं होतं. मला वाटलं, चमच्याने लोणी होतं तर अर्ध्या पपईने काय होईल. अर्धी पपई वाटली, बरगड्यांना थापली आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी पातेल्यात हाडं एकीकडे आणि एक करडा लगदा एकीकडे. आईने डोकावून बघितलं आणि म्हणाली, "खालच्या मांजरीला दे. तिलाही दात लावावे लागणार नाहीत."

मग कुकर. सहा शिट्ट्या दिल्या. मऊ झालं यात शंका नाही, पण सगळी चव पाण्यात उतरली. वरून सॉस थापला आणि ताट खोलीत पाठवलं. अर्धं परत आलं. "काय म्हणाले?" मी विचारलं. आई म्हणाली, "म्हणाले, दवाखान्यात आहे की काय मी."

नोव्हेंबरात मला सिगडीची आठवण झाली. पप्पांच्या हातची ती धुराची चव आली तर ते नक्की विरघळतील असं वाटलं. पण दिल्लीतला नोव्हेंबर तो. हवा इतकी वाईट की समोरचा टॉवर दिसेना, कोळसा जाळायला बंदी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर तंबी दिली की गार्डसुद्धा शेकोटी करणार नाहीत. मी एकटी बाल्कनीत सिगडी पेटवून बसले असते तर उद्याच्या उद्या माझ्या नावाचा मेसेज आला असता. यार, बरगड्यांसाठी एवढी बदनामी कोण घेईल?

खरा गुरू भेटला मटणवाला. बाजारातल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे मी सलग चौथ्या रविवारी बरगड्या मागितल्या, तेव्हा त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मैडम, आखिर बना क्या रही हो?" मी सगळं सांगितलं, कवळीसकट. माझं हसणं तेवढं गाळलं. ते हसले नाहीत. बरगड्यांची अख्खी फळी उलटी करून त्यांनी हाडांच्या बाजूचा पातळ, चकचकीत पडदा दाखवला. त्याचं टोक सुरीने उचललं, फडक्यात धरलं आणि एका झटक्यात सगळा पडदा सोलून काढला. "यह झिल्ली रह गई तो दिन भर पका लो, चमड़ा ही रहेगा," ते म्हणाले. आणि आच मंद ठेवायला सांगितलं. बाकी पपई वगैरे विसरा म्हणाले.

बिल्कुल तसंच केलं. आलं, लसूण, लाल तिखट, मीठ आणि थोडं व्हिनेगर चोळून रात्रभर ठेवलं. सकाळी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून मंद ओव्हनमध्ये तीन तास. मधे एकदाही उघडून बघितलं नाही, माझ्यासारखीला हीच सगळ्यांत मोठी शिक्षा. मग टोमॅटो, गूळ आणि चिंचेचा दाट सॉस वरून लावून पंधरा मिनिटं जोरात आच. शेवटी कोळशाचा एक एवढासा तुकडा गॅसवर लाल करून वाटीत ठेवला, त्यावर चमचाभर तूप सोडलं आणि वर झाकण. एका तुकड्याच्या धुंगारावर कुठली बंदी येणार?

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी ते जमलं. हाड धरून नुसतं हलवलं की मांस आपणहून सुटत होतं, तरी लगदा झाला नव्हता. नवऱ्याने ओठ आत घेऊन, दात न लावता, एक अख्खी बरगडी खाऊन दाखवली. मी ताट खोलीत पाठवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. अर्ध्या तासाने आई ताट घेऊन आली. सात हाडं, सातही स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी तिच्या हातातून ताट घेऊन लेकीला दाखवून आले.

"आता म्हणावं, नाताळला बाहेर येऊन जेवा," मी आईला म्हटलं.

ती गेली आणि परत आली. "म्हणाले, फार छान झालंय. पण मी इथंच बरा आहे."

माझं टाळकंच सरकलं. "म्हणजे अजून काय पाहिजे त्यांना? तीन महिने मी राबतेय. आता काय ओवाळून आणू?"

आई खाली बसून मटार सोलत होती. तिने हात थांबवला नाही. "तीन महिने तू मटण मऊ करतेयस. त्यांच्याशी बोललीस का?"

"रोज चहा देते की मी त्यांना."

"चहाचं नाही विचारत. हसलीस, त्याबद्दल बोललीस का?"

मी म्हटलं, "तेही काही बोलले नाहीत."

"हसलीस तू," आई म्हणाली आणि सोललेले दाणे घेऊन उठली.

तिने एवढंच म्हटलं आणि मला रडू यायला लागलं. खरंच बोलले नव्हते मी. दोन शब्दांचं काम होतं, आणि त्या दोन शब्दांऐवजी मी पपया वाटत बसले होते. पप्पांच्या डोळ्यांना डोळा द्यायची मला लाज वाटत होती. म्हणून तर प्रत्येक ताट मी आईच्या हाती पाठवलं. एकदाही स्वतः घेऊन गेले नाही.

तरीही दोन आठवडे गेले. तुम्हाला वाटेल आता तरी गेली असेल. नाही गेले. आज जाईन, उद्या जाईन. नाताळच्या दिवशी आम्ही सगळे चर्चला जाऊन आलो, पप्पाही आले, लोकांशी हात मिळवले, तोंड मिटून हसले आणि घरी आल्यावर आपल्या खोलीत गेले. बरगड्या ओव्हनमध्ये होत्या. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा आत शिरले.

खिडकीतून थोडं ऊन येत होतं, त्यात खुर्ची ओढून ते पेपर वाचत होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "पप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला हसले. माझं चुकलं. मला माफ करा."

त्यांनी पेपरची घडी घातली. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ओव्हनमध्ये किती वेळ झाला?"

"अडीच तास."

"मग अजून अर्धा तास आहे," ते म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला.

मी बाहेर आले. संपलं सगळं, असं मला वाटलं. त्यांना मला माफ करायचं नाही आणि त्यात त्यांचं काय चुकलं? अर्ध्या तासाने बरगड्या काढल्या, सॉस लावला, धुंगार दिला आणि त्या धुराच्या निमित्ताने डोळे पुसून घेतले. लेकीने ताटं मांडली. पप्पांचं ताट आत न्यायला मी ट्रे काढला, पण आईने तो उचलला नाही. ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

खोलीचं दार उघडलं आणि पप्पा बाहेर आले. कवळी घातलेली नव्हती. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली, एवढं म्हातारं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चालत आले, आपल्या जागेवर बसले आणि हात जोडले. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

दात नसल्यामुळे शब्दांत वारा शिरत होता, पण कळत सगळं होतं. छपराबद्दल उपकार मानले, नातीच्या शिक्षणाबद्दल, जावयाच्या तब्येतीबद्दल, रात्रीच्या थंडीत जागणाऱ्या गार्ड लोकांबद्दल. मग ते थांबले. मला वाटलं, झालं.

"प्रभू, तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "माझे वडील भाकरी पाण्यात बुडवून खायचे, दात नव्हते म्हणून. मी मित्रांसमोर त्यांना हसलो. त्यानंतर ते माझ्यासमोर कधी जेवले नाहीत. जाईन, माफी मागेन, असं म्हणत राहिलो, दिल्लीला आलो, आणि ते गेले. माझी मुलगी आली. तिने उशीर केला, पण ती आली. त्याबद्दल तुझे उपकार मानतो."

आमेन आईने म्हटलं, मग नवऱ्याने, मग लेकीने. माझ्या तोंडून शब्द फुटेना. डोळे उघडले तर पप्पा माझ्याकडेच बघत होते. बरगड्यांचं ताट समोर वाफाळत होतं आणि माझं आमेन होईपर्यंत ते त्याला हात लावायला तयार नव्हते.