आमेनची वाट

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला प्रार्थना करता येत नव्हती. म्हणजे तोंडच उघडत नव्हतं. माहेरी बुद्धवंदना असायची; ती पाठ होती, म्हणायची आणि उठायचं. तिच्यात काही मागणं नव्हतं. बाबांचं तर एकच सांगणं, कोणापुढे हात पसरायचे नाहीत, देवापुढे तर नाहीच नाही. सासर ख्रिस्ती. लग्न आम्ही दोघांनीच जमवलेलं, पुढे मी राजीखुशीनं बाप्तिस्माही घेतला, पण बाबांचं ते सांगणं काही त्या पाण्यानं धुऊन निघालं नाही.

सासूबाई देवाशी अशा बोलायच्या, जसं शेजारणीकडे विरजण मागावं. मारेगावातल्या आमच्या दोन खोल्यांत दर शुक्रवारी दुपारी उपास-प्रार्थना असायची. सात-आठ बाया गोल बसायच्या, डोळे मिटायच्या आणि एकीनंतर एक मोठ्यानं प्रार्थना करायच्या. शेजारची आमेन म्हणाली की पाळी माझ्यावर यायची. "प्रभू, तुझे आभार" एवढं पुटपुटून मी पुढचीला कोपर लावायची. सासूबाई नंतर समजावायच्या की पोरी, धीरानं माग, बापाजवळ मागायला कसलं भ्यायचं. माझ्या बापाजवळ मागायलाही मी भ्यायचेच, हे त्यांना कुठं सांगत बसू?

घरात एक नियम कडक होता. प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नाहीत आणि मध्येच उठायचं तर मुळीच नाही. आत दूध उतू गेलं तरी आमेन होईपर्यंत कोणी हलत नसे. उतू गेलेलं पुसायला अर्थात मीच.

नवरा फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. स्टँडजवळ त्याचं पत्र्याचं दुकान होतं. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, अळी मरत नव्हती आणि लोक दोन-तीन औषधं एकात एक कालवून मारत होते. पंपांची रांग लागायची. नोझल तुंबलं की तो ते शर्टाला पुसायचा, तोंडात धरायचा आणि फुंकायचा. सगळेच मिस्त्री तसंच करत. मी टोकलं की हसून म्हणायचा, तार घातली तर भोक मोठं होते. गावोगावचे फवारणीवाले घाम-लाळ गाळत दवाखान्यात भरती होत असल्याचं रोज कानावर यायचं. हा काही फवारणीला जात नाही, अशी मी माझीच समजूत घालायची.

एका शुक्रवारी प्रार्थना सुरू व्हायच्या बेतात तो दुकान तसंच टाकून घरी आला. कोणाच्या तरी पंपाची टाकी अंगावर सांडली होती, शर्ट छातीवर ओला होता. डोकं दुखते, धुरकट दिसते, म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. घाम नुसता निथळत होता. सासूबाईंना वाटलं, ऊन लागलं. बाया आलेल्याच होत्या. त्यांनी त्याला मधे घेतलं, डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले, डोळे मिटले आणि सासूबाईंनी सुरुवात केली.

मीही मिटले होते. मग राहवलं नाही, उघडले. त्याच्या तोंडातून लाळ गळून शर्टावर पडत होती. तो माझ्याकडेच बघत होता, पण डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. ऊन नाही, हे फवारणीचं औषध आहे, हे मला तिथंच कळलं.

आणि मी गप्प बसले. घरातली नवी सून, त्यात दुसऱ्या धर्मातून आलेली. प्रार्थनेत मध्येच बोलले तर म्हणतील, हिचा विश्वासच नाही. सासूबाईंनी भरभरून मागितलं. मग दुसरीनं. मग तिसरीनं. बाकी सगळ्या जणींचे डोळे मिटलेले, एकटी मी उघड्या डोळ्यांनी आमेनची वाट बघत होते. तिसरीचं चालू असतानाच त्याला उलटी झाली, तेव्हा कुठं माझा आवाज फुटला.

"शर्ट काढा त्याचा," मी म्हटलं. "औषध हाये ते."

मग अंगावर साबण-पाणी, ऑटो, गावातला दवाखाना आणि तिथून अँब्युलन्सनं यवतमाळ. शर्ट किती वेळ अंगावर होता, असं डॉक्टरांनी विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा तो शुद्धीवर नव्हता. इंजेक्शनांनी चेहरा लालबुंद झाला होता, काहीबाही बरळत होता आणि सुया ओढू नये म्हणून दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधले होते. वाचेल का, हे अजून सांगता येत नाही, म्हणाले. मला इतकी भीती वाटत होती की पायात चप्पल नाही हेही कळलं नव्हतं.

मी सासूबाईंना म्हटलं, आई, प्रार्थना करा. गावातल्या कोणाच्याही साध्या तापासाठी तासतासभर मागणारी ती बाई, पदर तोंडात धरून बसली होती.

"माह्या तोंडून निघूनच नाही राह्यलं," त्या म्हणाल्या. "लेकरू समोर मरून राह्यलं होतं, अन् मी डोये मिटून बसली होती."

"मले दिसत होतं, आई," मी म्हटलं. "माहे डोये उघडे होते. मी आमेनची वाट पाहून राह्यली होती."

आता या मला इथून घालवून देणार, असं वाटलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि पलंगाजवळ नेलं.

"मंग आता नको पाहू वाट. डोये उघडे ठेव, त्याच्याकडे पाह्य, अन् माग."

मी हात पसरले. "देवा, मले लय भेव लागून राह्यला. धीर-बीर काही नाही माह्याजवळ. हा पाह्यजे मले. वापस दे." एवढंच. ना स्तुती, ना आभार. मागे वळले तर बातमी कळून आलेले माझे बाबा डबा घेऊन दारात उभे होते. पसरलेले हात त्यांनी पाहिले असणार. त्यांनी डबा ठेवला आणि माझ्यासाठी चप्पल शोधायला गेले.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला ओळखलं. तो घरी आला, पण संध्याकाळचं त्याला अजून अंधुक दिसतं आणि नोझल आता तारेनंच साफ होतं. माझी भीतीही गेलेली नाही. शुक्रवारी माझी पाळी आली की मी भीतीसकटच मागते.

परवा एकीची प्रार्थना लांबली होती आणि आत दुधाचा वास सुटला. मी जागची हलले नाही. जुनी सवय. सासूबाईंनी भर प्रार्थनेत डोळे उघडले आणि मला कोपर लावलं.

"ऊठ, गॅस बंद कर," त्या म्हणाल्या. "देव थांबते."