मैदानाखालचं दीड मीटर

मुलाने भूगर्भशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतला, महिनाभर वर्गात बसला आणि एक दिवस स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, माझं मन दगडात नाही गं, पिठात आहे." पुढच्याच आठवड्यात तो बेकरीच्या अभ्यासक्रमाला गेला. घरात मागे राहिली त्याची जाडजूड पुस्तकं, एक भिंग आणि कोरा करकरीत हातोडा.

त्याची आई शाळेची बस चालवायची. सकाळी मुलांना शाळेत सोडलं की दुपारी शाळा सुटेपर्यंत बाई मोकळ्या. बाकीचे चालक त्या वेळात पत्ते कुटायचे, नाहीतर सीटवर आडवे व्हायचे. बाईंना दुपारची झोप कधी मानवली नाही. म्हणून मुलाचं एक पुस्तक त्यांनी बसमध्ये नेलं, ज्वालामुखीची चित्रं बघायला. चित्रं संपली तेव्हा मजकूर वाचायला घेतला. एका पानावर गाडी अडली म्हणून मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "मला कळलं असतं तर मी सोडलं असतं का?"

मग बाई स्वतःच विद्यापीठात जाऊन चौकशी करून आल्या. तास सकाळी उशिरा सुरू व्हायचे आणि शाळा सुटायच्या आत संपायचे. जणू त्यांच्याच सोयीने कुणी वेळापत्रक लावलं होतं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई वाटाणे सोलत होत्या. "पन्नाशीला आलीस आणि आता दगड फोडायला निघालीस? डोंगर पोखरून उंदीर निघाला तर घरात आणू नकोस, सांगून ठेवते."

"नाही आणत, आई. तिथेच सोडून येईन."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच तो म्हणाला, "जा की. तसंही घरातल्या भिंगांपैकी एकच कामात आहे."

वर्गात बाईंना पहिल्याच आठवड्यात नाव पडलं: भोंगाताई. कारण त्यांचं हसणं. ते आधी पोटात सुरू व्हायचं, खांद्यापर्यंत चढायचं आणि मग असं फुटायचं की शेजारच्या वर्गातले लोक खिडकी लावून घ्यायचे. बाईंना ते नाव आवडलं. त्या म्हणाल्या, "गाडीला भोंगा नसला तर परवाना मिळत नाही."

खडक आणि खनिजं त्यांना भराभर यायला लागली. हातात घ्यायचं, वजन बघायचं, भिंगाखाली धरायचं. पण भूभौतिकी आली आणि तोंडचं पाणी पळालं. जमिनीच्या पोटात काय आहे ते न खणता, नुसत्या लहरी मोजून सांगायचं, आणि त्याला लागायचं गणित. बेरीज-वजाबाकीशी बाईंचं बरं होतं, पण साइन-कोसाइन फळ्यावर उतरले की पाचावर धारण बसायची. पहिल्या परीक्षेत त्या सपशेल नापास झाल्या. घरी त्यांनी ते हसत हसत सांगितलं. त्याआधी बस झाडाखाली उभी करून, स्टिअरिंगवर डोकं टेकून त्या रडल्या होत्या, ते मात्र नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ताई, मी शिकवू?"

बाईंनी दचकून मागे पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय म्हणून. या मुलीचं वर्गातलं नाव म्यूट होतं. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण हजेरीलाही ती नुसता हात वर करायची.

तेव्हापासून दोघींची शिकवणी बसमध्ये सुरू झाली. म्यूट खिडकीच्या काचेवर मार्करने त्रिकोण काढायची आणि बाई दोन सीटवर पसरून प्रश्न विचारायच्या. कधीकधी पुसायचं राहून जायचं. मग दुपारी घरी जाताना शाळेतली मुलं त्या त्रिकोणांना डोळे आणि मिश्या काढायची.

सत्राच्या शेवटी मैदानावरचं प्रात्यक्षिक आलं. जमिनीत ओळीने खुंट्यांसारखे जिओफोन रोवायचे. जमिनीचा बारीकसा कंपही ते टिपतात. मग एका टोकाला लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घण मारायचा. लहर खाली जाते, कठीण थराला लागून वर येते आणि कोणत्या जिओफोनला किती वेळाने पोहोचली यावरून खडक किती खोल आहे ते काढता येतं. अट एकच: घण पडताना बाकी कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही.

बाईंनी घण उचलला. सगळे श्वास रोखून उभे. घण पडला आणि त्याच क्षणी एक कुत्रं येऊन मधल्या जिओफोनवर ऐसपैस बसलं. बाईंनी ओठ आवळून पाहिले. व्हायचं तेच झालं.

सरांनी मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. "ताई, ही लाट तुमच्या घणाची. आणि ही तिच्याहून मोठी दिसतेय ना, ती तुमच्या हसण्याची."

कुत्र्याला बिस्किट देऊन लांब नेलं आणि पुन्हा सुरुवात केली. यावेळी सगळं नीट झालं. पण म्यूटने आलेख काढला तेव्हा तिचे डोळे विस्फारले. मैदानाच्या दुसऱ्या भागात मोजणाऱ्या गटांना खडक सहा-सात मीटरवर मिळाला होता. यांचा आला दीड मीटरवर. सर म्हणाले, "पुन्हा मोजून पाहा." पुन्हा मोजलं. पुन्हा दीड मीटर.

दुसऱ्या गटातला एक हुशार मुलगा म्हणाला, "आमचाच आकडा टाका ना. कोण बघायला जातंय खाली?"

म्यूटने बाईंकडे पाहिलं. "बदलायचा का?"

"बसचा काटा ऐंशी दाखवतोय आणि मी चाळीस सांगायचं?" बाई म्हणाल्या. "चुकलो असू तर आपल्याच आकड्याने चुकू. उसनी चूक कशाला?"

आता हे सगळं वर्गापुढे मांडायचं होतं. ठरलं असं, की गणित म्यूटने करायचं आणि बोलायचं बाईंनी. पण ऐन त्या सकाळी शाळेचा फोन आला: पाण्याची टाकी फुटलीय, मुलांना लगेच घरी सोडायचंय. बाई किल्ली घेऊन उठल्या. म्यूटचा चेहरा पांढराफटक पडला.

"चल माझ्याबरोबर," म्हणून बाई तिला पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. बसमध्ये पुढे उभं केलं आणि स्वतः शेवटच्या सीटवर जाऊन बसल्या. "बोल."

म्यूट काहीतरी पुटपुटली.

"ऐकू येत नाही!"

जरा मोठ्याने.

"इथे चाळीस पोरं दंगा करतायत असं समज आणि बोल!"

तिसऱ्या खेपेला म्यूट एवढ्याने ओरडली की शेजारच्या बसमधला चालक झोपेतून उठून बसला. "झालं," म्हणत बाईंनी तिची पाठ थोपटली आणि बस काढली.

पुढचं बाईंनी नंतर वर्गातल्या चौघांकडून चार वेळा ऐकलं, आणि चारही वेळा तितक्याच आवडीने. म्यूट सुरुवातीला अडखळली. मग फळ्यावर आलेख काढला आणि तिचा आवाज मोकळा झाला. सरांनी विचारलं, "मग बाकी सगळे गट चुकले म्हणायचं का?"

"ते मला माहीत नाही, सर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पण आम्ही मोजलं तिथे दीड मीटरवर काहीतरी कडक आहे, एवढं नक्की."

सरांनी गुण दिले, पण शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

नंतर काही आठवड्यांनी नवा नळ टाकायला मैदानात चर खणला आणि कुदळ ठणकन आपटली. सरांनी स्वतः बाईंना फोन केला. "ताई, असाल तशा या."

बाई आल्या तेव्हा म्यूट चराच्या कडेवर पालथी पडून टेप खाली सोडत होती. खाली सपाट, करड्या रंगाचं काहीतरी पसरलं होतं. तो खडक नव्हता, जाड काँक्रीट होतं. पूर्वी तिथे विद्यापीठाची कार्यशाळा होती. ती पाडली, तिची फरशी तशीच ठेवून वर माती लोटली, आणि पुढे सगळेच विसरले.

"दीड मीटर," म्यूट पडल्यापडल्याच ओरडली.

सर मान हलवून म्हणाले, "खोली बरोबर, खडक चूक. आणि मी सगळं मैदान नैसर्गिक धरून चाललो, तीही चूकच. पुढच्या वर्षीपासून सगळ्या गटांना एकदा तरी याच जागी मोजायला लावतो."

त्यावर बाई अशा हसल्या, की मैदानाच्या पलीकडचा खेळ थांबला.

घरी ही हकिकत सांगितल्यावर सासूबाईंनी बघायचा हट्टच धरला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना मैदानावर नेलं. त्यांनी चरात वाकून नीट निरखलं. "एवढं शिकलीस आणि निघालं काय, तर सिमेंट!" मग कामगारांना म्हणाल्या, "आमच्या सुनेने शोधलंय हे. जपून खणा."

भूभौतिकीच्या फेरपरीक्षेत बाई काठावर नाही, चांगल्या दोन पावलं आत पास झाल्या. पदवीला एक वर्ष जास्त लागलं, पण मिळाली. म्यूट आता दुसऱ्या शहरात एका महाविद्यालयात शिकवते. तिच्या वर्गात शेवटच्या बाकावरही सगळं स्वच्छ ऐकू येतं म्हणे. बाईंनी पुढच्या पदवीसाठी नाव घातलंय. सध्या त्या नदीकाठच्या गाळाचे थर मोजतायत, आणि सुट्टीच्या दिवशी गाळाने भरलेले त्यांचे बूट नवरा मुकाट्याने धुऊन उन्हात ठेवतो.