शेजारणीची वाटी

काल बायको बाजारात गेली असताना मी दही लावायला घेतलं आणि घरातलं होतं नव्हतं विरजण उकळत्या दुधात घातलं. दूध फाटलं. त्या आंबूस वासानं मला तीस वर्षं मागे, मंद्रूपजवळच्या एका वस्तीत नेलं. धरणात गाव गेलेली कुटुंबं तिथं वसवली होती. ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली का, हे तपासायला मला, नव्या कारकुनाला, धाडलं होतं.

गोदाक्काच्या दारात शेजारीण झाकलेली वाटी घेऊन उभी होती. मी ऐटीत लिहिलं, ‘शेजाऱ्यांच्या जिवावर गुजराण’, आणि वाचूनही दाखवलं.

गोदाक्का हसली. “अवो सायेब, ती द्याय न्हाय, न्यायला आलीया. आमी नवं आलो तवा मी विरजण मागत फिरायची. आता निम्मी वस्ती माज्याकडनं नेती की.”

“मग मदतीच्या यादीतून नाव जाईल. फुकटचं धान्य बंद होईल.”

“व्हऊ द्या. पर ते ‘जिवावर गुजराण’ आदी खोडा, माज्यादेखत.”

मी खोडलं. तेव्हा बाई भोळी वाटली. आज वाटतं, तपासणी तिनंच माझी केली.

बायको आल्यावर हे सगळं रंगवून सांगितलं. तिनं पातेल्यात डोकावून माझ्या हातात वाटी दिली.

“गोदाक्कापुढचं ‘शेजाऱ्यांच्या जिवावर’ खोडलंत ना? ते आता तुमच्या नावापुढं लिहा. आणि जा, शेजारून विरजण मागून आणा.”