पौंडांतली पेन्शन

लेस्टरच्या एका शाळेच्या वाचनालयात अनुपमाताईंनी सव्वीस वर्षं नोकरी केली. नवरा गेल्यावर थंडीत त्या एकाच खोलीत हीटर लावून बसायच्या, बाकीचं घर गारठू द्यायच्या. मग एकदा त्यांनी हिशोब मांडला. तीच पेन्शन मुलुंडला भाडं, भाजी, औषधं भागवून वर उरेल. बालमैत्रीण जयंती राहते त्याच इमारतीत त्यांना भाड्याने जागाही मिळाली. खरी ओढ जयंतीचीच होती. संध्याकाळी एकीने चहा टाकायचा, दुसरीने दार वाजवायचं.

सुरुवातीला त्या प्रत्येक किमतीला शंभराने भागून पौंड काढायच्या. मेथीची जुडी, शिवलेली चप्पल, दाताच्या डॉक्टरची फी. उत्तर आलं की गालात हसायच्या. घरकामाला येणाऱ्या मालनच्या पगाराला मात्र हसू आलं नाही. केर-लादी, भांडी, रोजचा तासभर आणि महिन्याला अडीच हजार. त्यांनी पाच दिले.

साहजिकच मालनने इमारतीतल्या तिच्या बाकीच्या दोन घरांतही वाढ मागितली. दोघींनी तिला काढूनच टाकलं, त्यातली एक जयंती.

"रेट बिघडवलास तू बिल्डिंगचा," लिफ्टमध्ये जयंती म्हणाली. त्या दिवसापासून चहा बंद झाला.

अनुपमाताई मालनला म्हणाल्या, "गेलेल्या दोन घरांचे पैसेही मीच देते."

मालन फडकं पिळत होती. "तुमचा जागेचा करार अकरा महिन्यांचा ना, ताई? बारावा महिना कोण देणार मला?"

"मी कुठे जाणार नाही गं."

"तसं सगळेच म्हणतात. मला एका घरावर नाही जगायचं."

त्या संध्याकाळी अनुपमाताईंनी स्वतःच जयंतीचं दार वाजवलं. जयंती लादी पुसत होती. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर.

"एवढा हट्ट?"

"हट्ट कसला? तुझी पेन्शन पौंडांत येते, आमची रुपयांत. तू दानशूर झालीस आणि आम्ही कंजूष ठरलो."

"अडीच हजार कमीच आहेत, जयू."

"आहेतच. मला काय कळत नाही? पण पाच नाही जमत, यार. तीन देईन. ती दुसरीही तयार होईल, तिच्याशी मी बोलते. पण मग तूही तीनच द्यायचे. दर महिन्याला तुझ्याशी तुलना नको मला."

पाच देणं अनुपमाताईंना सहज जमत होतं. कमी देणंच जड होतं.

"बरं," त्या म्हणाल्या.

एक तारखेला त्यांनी मालनच्या हातावर नव्या महिन्याचे आगाऊ तीन हजार ठेवले आणि ठरलेलं सगळं सांगितलं. मालनने नोटा मोजून कमरेच्या बटव्यात टाकल्या.

"म्हणजे तुमच्याकडे दोन कमी."

"हो."

"त्या दोन घरांचे मिळून सहा येतील, ते खरं. पण तुमच्याकडे दोन कमीच." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, माफीही नव्हती. "उद्यापासून जयंतीताईंकडचं आधी. त्यांचे गुडघे गेलेत. तुमच्याकडे अकराच्या पुढे येईन."

"ये," अनुपमाताई म्हणाल्या. दार लावून त्या खुर्चीत बसल्या. दोन हजारांचे पौंड किती होतात, ते त्यांना पाठ होतं. आज त्यांनी भागाकार केला नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.