दादाला बोट लागली

मला बोट लागते. कोळशाचा धूर आणि गरम तेलाचा वास नाकात शिरला की आगबोट धक्क्याला असतानाच माझं पोट वर यायला लागतं. लालबागेत राहायला आल्यापासून वर्षातून एकदा आम्ही दोघे भाऊ हर्णैला आमच्या गावी जायचो आणि दर खेपेला चारचौघांत माझी हीच शोभा व्हायची. थोरला भाऊ मात्र मला दाखवून दाखवून भाकरी आणि सुका जवळा खायचा. माझ्या उशाशी लिंबू आणि फोडलेला कांदा ठेवायचा आणि पाण्याचा तांब्या आपल्या मांडीखाली दाबून बसायचा. "बंदर येईस्तोवर पानी नाय. प्यालास की परत वकशील," असं म्हणायचा. आमच्याकडचे सगळेच बोट लागलेल्या माणसाला पाणी देत नसत.

वडील लवकर गेले. दादाने परळच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यावर उभं राहून मला चार इयत्ता शिकवलं आणि त्याच गिरणीत हजेरी लिहायच्या कामाला लावलं. तो वस्ताद होता, हट्टी होता, आणि माझ्यावर त्याचा फार जीव होता.

गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं, ते दुसरं वर्ष होतं. आमच्या चाळीतल्या दोन खोल्या चुना मारून बंद केल्या होत्या. आईचे निरोपावर निरोप येत होते, पण दादाला रजा मिळत नव्हती. मे संपता संपता, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीच्या अगदी शेवटच्या फेरीत आम्हाला जागा मिळाली. ती चुकली असती तर नारळी पौर्णिमेपर्यंत त्या चाळीतच दिवस काढावे लागले असते. पहाटे चालत बंदरावर जाताना दादा म्हणाला, डोकं जड झालंय. मी म्हटलं, झोप झाली नाही. धक्क्यावर डॉक्टरने आमच्या काखा चाचपल्या, जिभा पाहिल्या आणि आम्हाला सोडलं.

कुलाब्याची दीपदांडी मागे पडली आणि समुद्र उसळायला लागला. बोट एका कुशीवर कलायची, तशी डेकवरची गाठोडी आणि माणसं एकदमच घरंगळायची. मी लिंबू चावत डोळे मिटून पडलो होतो. तेवढ्यात शेजारी कोणी भडाभडा ओकलं. पाहतो तो दादा.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मनापासून आनंद झाला. "दादा, तुला पण लागली की रे!" मी ओरडलो. आजूबाजूचे हसले. दादाही कसनुसा हसला, "लागली बाबा," म्हणाला आणि आडवा झाला. मी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला आणि तांब्या माझ्या मांडीखाली घेतला.

दुपारी त्याने पाणी मागितलं. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा मागितलं, मग पुन्हा.

आमच्या पलीकडे वरळीची एक म्हातारी कोळीण बसली होती, हर्णैला लेकीकडे निघालेली. ती मघापासून दादाकडे टक लावून पाहत होती. माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "पोरा, याला बोट नाय लागली. बोट लागलेला मानूस पान्याचा वास बी घेत नाय. हा तर मांगतोय."

"तू तुझं बघ ना म्हातारे," मी तिच्या अंगावर खेकसलो. मग दादाच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलं होतं.

त्या क्षणी मला कळलं. हे कबूल करायचं मी इतकी वर्षं टाळत आलो आहे, पण कळलं होतं. डेकवरच्या एकाच्या जरी कानावर ताप हा शब्द पडला असता तरी आम्हाला हर्णैला कोणी उतरू दिलं नसतं. दादाला घरी न्यायचं, आईसमोर नेऊन निजवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणत राहिलो, "बंदर येईस्तोवर पानी नाय!" म्हातारीने आपला लोटा पुढे केला, तो मी हाताने ढकलला. थोडं पाणी डेकवर सांडलं. दादाने मान वळवून त्या ओल्या फळ्यांकडे पाहिलं.

संध्याकाळच्या सुमाराला हर्णैचा किल्ला दिसला. आमच्या वाडीचे माड दिसत होते. बोटीने शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या, पण उतारू न्यायला एकही होडी येईना. दोन निघाल्या, लाटांत गरगरल्या आणि परत फिरल्या.

"आलं काय रे?" दादाने विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

पुढच्या बंदरातही तीच गत झाली. कप्तानाने बोट मुंबईकडे फिरवली. तांब्या अजून माझ्या मांडीखालीच होता.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर दादाला उभं राहता येईना. डॉक्टरने त्याच्या जांघेत हात घातला आणि गाठ लागताच मागे सरला. त्याला डोलीत घालून नेलं. मला वेगळं काढून साथीच्या झोपड्यांत ठेवलं. मी ओरडत होतो की त्याला पाणी द्या, पण तिथे सगळेच काही ना काही ओरडत होते. तिसऱ्या दिवशी एका शिपायाने सांगितलं की तो गेला. कुठे जाळलं, कोणी जाळलं, मला आजही माहीत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा मी गावी गेलो. आईला दादा गेल्याचं आधीच कळलं होतं. ती ओटीवर बसून होती, तिचं रडून झालं होतं. तिने एकच विचारलं, "शेवटचं पानी कुनी पाजलं त्याला?"

"मी," मी म्हटलं.

आईने माझा उजवा हात ओढून घेतला आणि आपल्या डोळ्यांना लावला.